मधला चेंडू कोणाचा?

१० सप्टेंबर २०१०, शुक्रवार. महाराष्ट्रात त्या संध्याकाळी चाँदरात होती. दुसऱ्या दिवशी ईद-उल-फित्र आणि योगायोग असा, की त्याच दिवशी गणेश चतुर्थी. बाजारात एका बाजूला शेवया, खजूर, मेंदी आणि अत्तराची दुकाने, तर दुसऱ्या बाजूला मखरे, दूर्वा आणि फुलांचे ढीग. आपल्या घरांत शीरखुर्म्याची तयारी चालली होती. कोणी इस्त्री करत होते, कोणी फितऱ्याचा हिशोब लावत होते.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये दिवस होता आणि तिथली ईद त्याच दिवशी होती. तेथील आर्थर ॲश स्टेडियममध्ये अमेरिकन ओपन टेनिस स्पर्धेच्या पुरुष दुहेरीचा अंतिम सामना खेळला जात होता. नेटच्या एका बाजूला बॉब आणि माइक ब्रायन हे अमेरिकेचे जुळे भाऊ. एकाच आईच्या पोटी काही मिनिटांच्या अंतराने जन्मलेले, लहानपणापासून एकत्र खेळलेले आणि जगात पहिल्या क्रमांकावर असलेले. नेटच्या दुसऱ्या बाजूला लाहोरचा ऐसाम-उल-हक कुरेशी आणि कुर्गचा रोहन बोपण्णा. एक पाकिस्तानी, एक भारतीय.

आपल्यापैकी बहुतेकांनी तो सामना पाहिला नसेल. आपल्याकडे टेनिस तसेही कमी पाहतात, आणि त्यातली दुहेरी तर त्याहून कमी. तरीही इतक्या वर्षांनी आम्ही या जोडीविषयी लिहीत आहोत, कारण आपल्या घरांच्या दोन दुखऱ्या जागांना ही जोडी नेमकी स्पर्श करते.

"तू कोणाकडून?"

पहिली दुखरी जागा सर्वांच्या ओळखीची आहे. भारत-पाकिस्तान सामना जवळ आला की आपल्या मुलांना शाळेत, मैदानात, कधी कधी कामाच्या ठिकाणीही एक प्रश्न ऐकावा लागतो : "काय रे, तू कोणाकडून?" विचारणारा कधी चेष्टेने विचारतो, कधी नाही. मूल घरी येऊन गप्प बसते. ज्याच्या आजोबा-पणजोबांच्या कबरी याच मातीत आहेत, त्याला हा प्रश्न का विचारला जावा, हे त्याला कळत नाही आणि आपल्यालाही त्याला नीट समजावता येत नाही.

त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये या प्रश्नाला अर्थच उरला नव्हता. भारत आणि पाकिस्तान नेटच्या एकाच बाजूला उभे होते. प्रेक्षकांत दोन्ही देशांचे लोक एकमेकांत मिसळून बसले होते. त्यांच्यातला भारतीय कोण आणि पाकिस्तानी कोण हे ओळखू येत नव्हते, असे बोपण्णाने नंतर मोठ्या आनंदाने सांगितले. संयुक्त राष्ट्रांतील दोन्ही देशांचे राजदूतसुद्धा हा सामना पाहायला एकत्र बसले होते.

दुहेरीचा खेळ

दुसरी दुखरी जागा समजण्यासाठी हा खेळ थोडा समजून घ्यावा लागेल. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब असते. एकेरीत त्याची रुंदी २७ फूट धरतात. दुहेरीत दोन्ही बाजूंच्या साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या खेळात येतात आणि रुंदी ३६ फूट होते. म्हणजे खेळाडू दुप्पट होतात, पण मैदान दुप्पट होत नाही. गर्दी मात्र वाढते. चेंडू विचार करायला वेळ देत नाही. म्हणून जे ठरवायचे ते आधी ठरवावे लागते. नेटजवळ उभा असलेला खेळाडू पाठीमागे हात धरून बोटांनी खुणा करतो आणि मागे सर्व्हिस करणारा साथीदार त्या ओळखतो. मी इकडे सरकणार, तू तिकडची जागा सांभाळ, असा तो निरोप असतो.

यात विश्वास किती लागतो पाहा. पुढचा खेळाडू मागे वळून पाहू शकत नाही. आपली मोकळी सोडलेली जागा साथीदार भरून काढील, एवढ्या भरवशावरच तो पुढे झेपावतो. सर्व्हिस साथीदाराची चुकली तरी गुण दोघांचा जातो. फटका एकाचा अप्रतिम बसला तरी धावफलकावर नाव दोघांचे लागते.

या खेळातला सर्वांत फसवा चेंडू कोपऱ्यात येत नाही. तो दोघांच्या बरोबर मधोमध येतो. दोघांनाही तो गाठता आला असता, पण याला वाटते तो घेईल आणि त्याला वाटते हा घेईल. चेंडू दोघांच्या मधून निघून जातो आणि दोघे एकमेकांकडे पाहत राहतात. नवशिक्या जोड्या असे अनेक गुण गमावतात. चांगल्या जोड्या दोन गोष्टी करतात. मधला चेंडू कोणी घ्यायचा हे सामन्यापूर्वीच ठरवतात, आणि आयत्या वेळी शंका आली तर जो घेणार तो मोठ्याने ओरडतो, "माझा!"

आता जरा आपल्या घरात डोकावून पाहू. अब्बांची रक्तदाबाची गोळी संपली आहे. थोरल्याला वाटते धाकटा आणील, धाकट्याला वाटते थोरला आणील, आणि दोघांनाही वाटते की बहिणीने फोन करून विचारले असेल. मुलाचे गणित कच्चे राहिले आहे. वडिलांना वाटते आई पाहते, आईला वाटते शिकवणीचे सर पाहतात. अम्मीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन "या ईदनंतर करू" म्हणता म्हणता दुसरी ईद येते. या घरांत कोणी वाईट नसते. कोणाची नियतही खोटी नसते. फक्त मधला चेंडू कोणाचा, हे कोणी ठरवलेले नसते. मग चेंडू निघून गेल्यावर भांडण सुरू होते, ते मात्र खूप मोठ्याने.

मदिनेतील जोड्या

आपल्या दीनमध्ये जोडीचे महत्त्व जुने आहे. हजरत मूसा (अलै.) यांच्यावर फिरऔनकडे जाण्याची जबाबदारी आली, तेव्हा त्यांनी अल्लाहकडे आपले बंधू हजरत हारून (अलै.) यांची साथ मागितली. हारून बोलण्यात अधिक सफाईदार आहेत, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आपली उणीव ओळखणे आणि ती भरून काढणारा साथीदार मागणे, यात पैगंबरांनाही कमीपणा वाटला नाही.

प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) मदिनेत आले तेव्हा त्यांनी मक्केहून घरदार सोडून आलेले मुहाजिर आणि मदिनेचे अन्सार यांच्यात भाईचारा लावून दिला. त्यात एक जोडी होती हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांची. एक इराणातून सत्याच्या शोधात भटकत आलेला, दुसरा मदिनेचाच रहिवासी. सलमान एकदा आपल्या या भावाच्या घरी गेले, तेव्हा उम्मे दरदा यांचा अवतार त्यांना उदास दिसला. चौकशी केल्यावर कळले, की अबू दरदा दिवसा रोजे आणि रात्री नमाज यांत इतके बुडाले आहेत, की संसाराकडे त्यांचे लक्षच नाही. सलमान यांनी त्यांना आग्रहाने आपल्याबरोबर जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी उठवून दोघांनी मिळून नमाज पढली. तुमच्यावर रबचा हक्क आहे, तसा तुमच्या शरीराचाही आहे आणि घरच्यांचाही आहे, तेव्हा ज्याचा त्याचा हक्क द्या, असे त्यांनी समजावले. प्रेषितांच्या (सल्ल.) कानी ही गोष्ट गेली तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले.

भावाच्या कोर्टाची एक बाजू उघडी पडली होती. सलमान यांनी ती पाहिली आणि "त्याचे घर, तो पाहील" असे म्हटले नाही. साथीदार याला म्हणतात.

तेरा दिवसांचे अंतर

आता पुन्हा आपल्या जोडीकडे वळू. रोहनचा जन्म ४ मार्च १९८० चा, ऐसामचा १७ मार्च १९८० चा. अंतर अवघे तेरा दिवसांचे. रोहनचे वडील कुर्गमध्ये कॉफीची बाग सांभाळणारे. ऐसामच्या घरात टेनिस वारशाने आलेले. त्याचे आजोबा ख्वाजा इफ्तिखार अहमद हे फाळणीपूर्वीच्या अखंड हिंदुस्थानातले नामवंत टेनिसपटू. त्याची आई नौशीन या पाकिस्तानच्या अव्वल महिला खेळाडू. म्हणजे आजोबांनी ज्या भूमीत नाव कमावले, तिच्या दोन तुकड्यांना नातवाने पुन्हा नेटच्या एका बाजूला आणले.

ऐसामची वाट सोपी नव्हती. २००२ साली विम्बल्डनच्या दुहेरीत तो इस्रायलच्या आमिर हदादबरोबर खेळला. दोघे पात्रता फेरीतून आले होते आणि तिसऱ्या फेरीपर्यंत पोहोचले. पाकिस्तानातील क्रीडा अधिकाऱ्यांनी त्याला बंदीचा इशारा दिला. तो तेव्हा २२ वर्षांचा होता आणि त्याची सारी कारकीर्द पणाला लागली होती. आपण खेळायला आलो आहोत, राजकारण करायला नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. या जोडीविषयी वाचकांची मते वेगवेगळी असतील, याची आम्हाला जाणीव आहे. पॅलेस्टाईनच्या मजलूमांचे दुःख आपल्या सर्वांच्या काळजात आहे आणि दोन माणसे एकत्र खेळल्याने ते दुःख हलके होत नाही. पण समोरच्या माणसाला त्याच्या सरकारवरून तोलायचे की त्याच्या वागण्यावरून, हा प्रश्न ऐसामने त्या वयात स्वतःला विचारला आणि आपले उत्तर किंमत मोजण्याच्या तयारीने दिले. आपल्या मुलांना "तू कोणाकडून?" असे विचारणाऱ्यांकडूनही आपण याच न्यायाची अपेक्षा करतो, हे विसरून चालणार नाही.

रोहन आणि ऐसाम यांची ओळख तरुणपणापासूनची. दोघांनी आधी छोट्या स्पर्धांतून हात मिळवले. २०१० हे त्यांचे खरे वर्ष ठरले. फेब्रुवारीत जोहान्सबर्गला त्यांनी मोठ्या सर्किटवरचे पहिले विजेतेपद मिळवले. उन्हाळ्यात ते विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. "युद्ध थांबवा, टेनिस सुरू करा" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश लिहिलेले कपडे ते घालू लागले. लोकांनी जोडीला 'इंडो-पाक एक्स्प्रेस' असे नाव दिले. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्याला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. दोन्ही देशांत बोलणे जवळजवळ बंद होते. अशा काळात शेजारी उभे राहून हसायलाही धैर्य लागते.

हरलेल्या दिवशी बोललेले शब्द

अंतिम सामना ते हरले. ब्रायन बंधूंनी ७-६, ७-६ असे दोन सेट घेतले. दोन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले आणि तिथे ७-५ व ७-४ असा निकाल लागला. इतक्या जवळ येऊन करंडक हुकला.

पण त्या दिवसाची पार्श्वभूमी ध्यानात घ्या. दुसऱ्या दिवशी ११ सप्टेंबर, न्यूयॉर्कवरील हल्ल्याला ९ वर्षे पूर्ण होणार होती. त्या शहरात एका इस्लामी केंद्राच्या बांधकामावरून महिनोन्महिने वाद पेटला होता. फ्लोरिडातील एका पाद्रीने कुरआन शरीफच्या प्रती जाळण्याची घोषणा केली होती आणि एक दिवस आधीच ती मागे घेतली होती. इकडे पाकिस्तानात महापुराने सुमारे दोन कोटी लोकांची दैना केली होती. अशा ईदच्या दिवशी, हजारो अमेरिकनांसमोर, हरलेल्या ऐसामच्या हाती माइक आला.

त्याने त्या माइकचा उपयोग केला. आपल्या देशाच्या लोकांविषयी इथे फार चुकीचे चित्र आहे, आम्ही दहशतवादी नाही, आम्ही प्रेमळ आणि मायाळू माणसे आहोत, तुम्हाला जितकी शांतता हवी आहे तितकीच आम्हालाही हवी आहे, अशा आशयाचे तो बोलला. ना आवाज चढवला, ना कोणाला दोष दिला. स्टेडियमने टाळ्यांचा कडकडाट केला. शेजारी त्याचा हिंदू साथीदार उभा होता, हेही त्या बोलण्याइतकेच बोलके होते.

त्या वर्षी पुरुष टेनिस संघटनेने दोघांना आर्थर ॲश यांच्या नावाचा मानवसेवा पुरस्कार दिला. ऐसामला तो हदादबरोबर २००२ सालीही मिळाला होता. ॲश हे अमेरिकन ओपन आणि विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. रंगावरून हिणवले जाण्याचा अनुभव त्यांनी सोसला होता आणि त्यांच्या नावाच्या मैदानातच हे शब्द उच्चारले गेले होते.

जे झाले नाही तेही सांगायला हवे

कथा इथे थांबवली तर गोड वाटेल, पण ती पूर्ण होणार नाही. वाघा सीमेवर नेट बांधून, एकाने या बाजूला आणि दुसऱ्याने त्या बाजूला उभे राहून सामना खेळावा, अशी दोघांची इच्छा होती. तो सामना झाला नाही. २०११ मध्ये त्यांनी पॅरिस मास्टर्ससारखी मोठी स्पर्धा जिंकली, पण पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकच्या तयारीसाठी रोहनने महेश भूपतीबरोबर खेळायचे ठरवले आणि जोडी वेगळी झाली. २०१४ मध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि दुबईची स्पर्धा जिंकली. पण २०१० चे ते वर्ष परत आले नाही. २०१९ चा भारत-पाकिस्तान डेव्हिस कप सामना इस्लामाबादहून हलवून कझाकस्तानात नेण्यात आला, तेव्हा ऐसामने निषेध म्हणून त्यातून माघार घेतली. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय संघ इस्लामाबादला गेला. १९६४ नंतर प्रथमच. ऐसाम तिथे खेळला. रोहन मात्र त्यापूर्वीच डेव्हिस कपमधून निवृत्त झाला होता.

दोन माणसांच्या मैत्रीने दोन देश बदलत नाहीत. पण त्या मैत्रीत घडलेली माणसे बदलतात, हेही तितकेच खरे.

रोहनला महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथे तेव्हा भरत असलेल्या महाराष्ट्र ओपन स्पर्धेची दुहेरी त्याने २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर जिंकली. २०२३ मध्ये, तेरा वर्षांनी, तो अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पुन्हा पोहोचला. या वेळी साथीला ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन होता. त्या सामन्यात एक चेंडू पलीकडे जाताना रोहनच्या हाताला किंचित चाटून गेला. पंचांच्या लक्षात आले नव्हते. रोहनने स्वतः सांगितले आणि गुण सोडून दिला. सामना ते हरले. चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, याच जोडीने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. रोहन ४३ वर्षांचा होता. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती. त्या वयात तो दुहेरीत जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू झाला, आणि या स्थानी पहिल्यांदा पोहोचणारा सर्वांत वयस्कर. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने खेळाचा निरोप घेतला.

कोणी पाहत नसताना गुण सोडून देणे म्हणजेच अमानत सांभाळणे. आपल्या मुलांना हे सांगताना खेळाडूचे नाव कोणत्या धर्माचे आहे, हे पाहण्याची गरज नाही.

आज रात्री जेवताना

वाचक बंधु-भगिनींनो, आमची एक सूचना आहे. आज रात्री दस्तरख्वानवर सगळे जमतील तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा आणि आपल्या घरातले मधले चेंडू मोजा. दादीजानना दवाखान्यात कोण नेणार? वीजबिलाची तारीख कोण लक्षात ठेवणार? मुलीला कॉलेजचा अर्ज भरायला कोण मदत करणार? रुसून बसलेल्या काकांच्या दारी पहिल्यांदा सलाम करायला कोण जाणार? प्रत्येक चेंडूला एकाचे नाव लावा. ज्याला जमणार नाही त्याने आधी सांगावे, म्हणजे साथीदार ती बाजू सांभाळील.

मग घराबाहेरच्या एका चेंडूचाही विचार करा. आपल्या आणि शेजारच्या घराच्या मधोमध कितीतरी चेंडू पडून आहेत. त्यांना वाटते यांनी बोलावे, आपल्याला वाटते त्यांनी बोलावे. २०१० च्या त्या सप्टेंबरात एकाच दिवशी शीरखुर्मा आणि मोदक गल्लीतून इकडून तिकडे गेले असतील, तेव्हा कोणीतरी पहिले पाऊल उचललेच असेल. पुढच्या सणाला ते पाऊल आपले असू द्या.

आणि मुलाला कोणी पुन्हा "तू कोणाकडून?" असे विचारले, तर त्याला ऐसाम आणि रोहनची ही गोष्ट सांगता यावी, एवढी तयारी आपण करून द्यावी. तो या मातीचा आहे, हे त्याला कोणापुढे सिद्ध करायचे नाही. पण चेंडू मधोमध आला की न घाबरता "माझा!" म्हणायला त्याने शिकावे. ते शिकवण्याची जबाबदारी मात्र आपली आहे. अल्लाह आपल्याला ती पार पाडण्याची तौफीक देवो. आमीन.